माझ्या नावाची पावलं

सोमवार, ८ जानेवारी

आज ऑफिसात प्रत्येकाच्या मनगटावर एकेक काळं घड्याळ बांधलं. गुरांना बिल्ला मारतात तसं, ओळीत उभं करून. वेळ दाखवणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम. ते पावलं मोजतं, नाडी बघतं, झोप बघतं आणि ही सगळी चुगली कंपनीच्या डॉक्टरकडे आणि नव्या व्यायामवाल्या बाईंकडे करतं.

बाई जेमतेम पंचविशीच्या, गळ्यात शिट्टी. मी त्यांचं नाव शिट्टीबाई ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या मजल्यावर रुळलं. आजच्या दिवसातलं माझं कर्तृत्व तेवढंच. बाकी वेळ मान फिरवा, खांदे उडवा, टाचा वर करा. शाळेत पी.टी.च्या तासाला माझं पोट दुखायचं आणि मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसायचो. आता पन्नाशी उलटली, पोट सुटलं, पण लपायला टाकी राहिली नाही.

मोठ्या साहेबांनी भाषण ठोकलं. तंदुरुस्त माणूस हीच कंपनीची ताकद वगैरे. आमची कंपनी वजनकाटे बनवते, तेव्हा वजनाबद्दल बोलायचा त्यांना हक्क आहेच. पण लवकरच दोन शाखा एक होणार आणि माणसं कमी करणार, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. शेजारच्या टेबलावरचा खिडकीवाला माझ्या कानात पुटपुटला, "बघ हां, ज्याची पावलं कमी, त्याला रस्ता मोकळा." मी हसलो. घरी येईपर्यंत परत हसू आलं नाही.

दरवर्षी कंपनीची डायरी मिळते आणि दरवर्षी कोरी जाते. यंदा लिहिणार आहे. निदान हाताला तरी व्यायाम.

गुरुवार, ११ जानेवारी

कँटीनच्या भिंतीवर यादी लागली. माझं नाव शेवटून पहिलं. माझ्या वर कोण, तर पाय प्लॅस्टरमध्ये असलेला गोदामाचा माणूस.

लिफ्टला कुलूप लावलंय. जिने चढून टेबलापर्यंत पोचलो तेव्हा तोंडाला फेस आला होता. खिडकीवाला म्हणाला, "पाणी आणू की डॉक्टर?" मेल्याला सगळ्याची गंमत वाटते.

घरी आल्यावर युक्त्या करून बघितल्या. खुर्चीत बसून हात झुलवला. घड्याळ काही फसलं नाही. पंख्याच्या पात्याला बांधून पंखा हळू सोडला, तर त्याच्यावर अक्षरं उमटली, "आपण सायकल चालवत आहात का?" ही दारात उभी राहून बघत होती. पदराने तोंड झाकून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग हसत हसतच भांडी घासायला गेली, तिथून कपडे काढायला गॅलरीत, तिथून खाली कचरा टाकायला, तिथून परत वर.

मी बघत बसलो. दिवसभर ही चालतच असते आणि सगळं चालणं फुकट जातं.

शनिवार, १३ जानेवारी

घड्याळ हिच्या हातात बांधलं. लेकीचं जुनं, बंद पडलेलं घड्याळ कपाटात होतं, तसलंच काळं. ते मी घालणार, बाहीच्या आत. लांबून कुणाला कळायचं नाही.

ही म्हणाली, "हे काही बरं नाही हो. खोटेपणा आहे."

"कुणाचं काय जातंय त्यात? पावलं खरी आहेत ना? आपल्या घरातलीच आहेत ना? तुझं माझं काही वेगळं आहे का?"

ती जरा वेळ घड्याळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बाहेर फिरायला गेले तर चालेल?"

"चालेल काय, गेलंच पाहिजेस."

"एकटी?"

"एकटी."

इतकी खूश झाली की मला नवलच वाटलं. गेली कितीतरी वर्षं ही संध्याकाळी फिरायला चला म्हणते आणि मी म्हणतो, घरात काय कमी फिरतेस? आता एका दगडात दोन पक्षी.

रविवार, २१ जानेवारी

काल यादीत मधोमध आलो. शिट्टीबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, कमाल आहे तुमची." मी नम्रपणे मान खाली घातली. बाही पण खाली ओढून घेतली.

इकडे हिला नवे पंख फुटलेत. वाचनालयामागच्या मैदानावर काही बायका सकाळी रिंग खेळतात. रबराची जाड रिंग, जाळीवरून इकडून तिकडे फेकायची, एका हाताने झेलायची. पहिल्या दिवशी ही कडेला उभी राहून बघत होती. रिंग हिच्या बाजूला आली, हिने डाव्या हाताने अलगद झेलली आणि बायका ओरडल्या, "अगं, ही तर खेळाडू निघाली!"

जेवताना सांगत होती. शाळेच्या संघात होती म्हणे. कप्तान होती. मी म्हटलं, "मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी."

असेल. त्या दिवशी कोण काय बोललं कुणाला आठवतंय.

स्वतःची रिंग आणलीय तिने. निळी. दारामागच्या खिळ्याला अडकवून ठेवते आणि जाता येता तिला हात लावते.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

आ बैल मला मार. यादीत पहिला आलो आणि मोठ्या साहेबांनी मला आमच्या शाखेच्या चालण्याच्या संघाचा कप्तान केलं. मार्चमध्ये आमची शाखा विरुद्ध दुसरी शाखा. बावीस मार्चला संमेलन, घरच्यांसकट. साहेब पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाखा एक होतील तेव्हा मला अशीच माणसं लागतील." म्हणजे खुर्ची वाचली. खुर्ची वाचली खरी, पण आता तिच्यावरून उतरता येत नाही.

खिडकीवाला म्हणाला, "तू चालतोस तरी कधी रे?"

"पहाटे."

"पहाटे तुला दूधवाल्यानेसुद्धा कधी बघितलं नसेल."

चोराच्या मनात चांदणं. दिवसभर बाही ओढून ओढून शर्टाचं बटण तुटलं. हिने रात्री शिवून दिलं. शिवताना दोनदा थांबली, छातीवर हात ठेवून. म्हटलं, काय झालं? म्हणाली, काही नाही, जिना चढून आले ना.

शनिवार, १० फेब्रुवारी

दुसरी शाखा पुढे जातेय. मी खोलात गेलो तर कळलं, रिंग खेळताना पावलं फार होत नाहीत. एका जागी उभं राहून उड्या, वाकणं, हात वर करणं. घड्याळाला त्यात रस नाही. त्याला सरळ चालणं हवं.

हिला म्हटलं, "संमेलनापर्यंत रिंग बंद कर. तेवढा वेळ चाल."

ती पोळपाट धूत होती. पाणी चालूच राहिलं. मग म्हणाली, "बरं."

मला वाटलं होतं वाद घालेल. मी चार वाक्यं तयार ठेवली होती, ती वाया गेली. रिंग खिळ्यालाच आहे. आज तिने येता जाता हात लावला नाही.

मला काय हौस आहे का? दीड महिन्याचा तर प्रश्न. मग खेळू दे हवं तितकं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

ही दमते हल्ली. दोन उशा घेऊन झोपते. खोकते. आज म्हणाली, "दम लागतो हो. चढावर तर पाय उचलतच नाही."

मी समजावलं की सवय नाही म्हणून. शिट्टीबाई रोज सांगतात, दम लागला की समजायचं शरीर कामाला लागलं. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुम्हाला लागतो का हो दम?" मी विषय बदलला.

बाहेर जायचा कंटाळा करते म्हणून संध्याकाळी घरातच जेवणाच्या टेबलाभोवती चालवलं. मी खुर्चीत बसून मधून मधून हाक देत होतो, "अजून थोडं. अजून थोडं." ती भिंतीला, खुर्चीच्या पाठीला हात लावत फिरत होती. तिच्या तोंडाकडे बघून मलाही घाम आला. शेवटी मीच म्हटलं पुरे. अगदीच काही राक्षस नाही मी.

मंगळवार, २७ फेब्रुवारी

काल कंपनीच्या डॉक्टरचा फोन आला आणि माझी पाचावर धारण बसली. "तुमची नाडी मला पसंत नाही. मधेच धावते, मधेच अडखळते. उद्या या, सगळं तपासू."

रात्री ही माझे तळवे चोळत बसली होती. मी लेकीला फोन करून विम्याचे कागद कुठे आहेत तेही सांगून टाकलं. ती रडवेली झाली. ही मात्र मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

आज तपासलं. छातीला तारा लावल्या, यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर चालवलं, थोडंच. डॉक्टर कागद उलटसुलट करत बसले. "हृदय ठणठणीत आहे तुमचं. साखर वाढलीय, वजन वाढलंय. एवढं चालून वजन वाढतं कसं? आणि रात्री धाप लागून उठून का बसता?"

"मी? मी पडलो की सकाळ."

"घड्याळ सांगतं रोज उठता. बराच वेळ बसून राहता."

मी बाही खाली ओढली. मग तेच म्हणाले, "घड्याळच नीट बसत नसेल. पट्टा सैल असेल. एक भोक आवळा, मग बघू."

जिवात जीव आला. घरी येऊन हिच्या हातावरचा पट्टा एक भोक आवळला. म्हणाली, "रुततंय."

"राहू दे. डॉक्टरांनीच सांगितलंय."

रात्री उठतेस का विचारलं, तर म्हणाली, पाणी प्यायला. मग तिने विचारलं, "तुमचं हृदय चांगलं आहे ना नक्की?"

"एकदम ठणठणीत."

"मग ती नाडी कुणाची हो?"

"घड्याळाची," मी म्हटलं. मला विनोद वाटला होता. ती हसली नाही.

मंगळवार, ५ मार्च

लेकीचा फोन. माझ्याशी चार वाक्यं बोलली आणि मग, "बाबा, आईचा आवाज असा का येतोय? एक वाक्य बोलायला दोनदा श्वास घेते. तिला डॉक्टरकडे न्या."

म्हटलं, नेतो.

"कधी?"

"नेतो म्हटलं ना. तुम्ही लोक लांब बसून नुसत्या ऑर्डरी सोडा."

ती चिडली, मी चिडलो, फोन आपटला. मग बराच वेळ गॅलरीत उभा राहिलो. डॉक्टरकडे नेलं तर काय सांगायचं? रोज किती चालते, कशासाठी चालते? आमच्या गावात डॉक्टर सगळे एकमेकांचे मित्र. घड्याळ काढून ठेवावं, तर कप्तानाची पावलं एकदम बंद. आजारी पडलो म्हणावं, तर कंपनीचा डॉक्टर घरी येईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बावीस तारखेपर्यंत काढायचे आहेत दिवस. तेवीसला सकाळी पहिलं काम हेच. मी स्वतः नेतो.

आज ऑफिसात एक गिऱ्हाईक फोनवर भांडत होतं. तुमचा काटा खोटं वजन दाखवतो म्हणे. मी सवयीने उत्तर दिलं, आयुष्यभर देत आलोय तेच. "साहेब, काटा चुकत नाही. काट्यावर काय ठेवलंय ते बघा."

फोन ठेवल्यावर एक विचार आला. तो इथे लिहीत नाही.

गुरुवार, १४ मार्च

जिन्यात शिट्टीबाईंनी गाठलं. मी कठडा धरून उभा होतो, बोलायची ताकद नव्हती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, आज सकाळी दहाला तुम्ही जोरात चालत होता असं दिसतंय. दहाला तर तुम्ही कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून बिस्किटं खात होता."

"घड्याळ मागे पडत असेल."

"हं." गळ्यातली शिट्टी हातात घेऊन फिरवत राहिल्या. "घरी सगळे बरे आहेत ना?"

मी खवळलो. माझ्या घराशी तुमचा काय संबंध, कवायत शिकवायला आलात तेवढी शिकवा, असं बरंच काही बोललो. पोरगी लेकीच्या वयाची. ती नुसतं म्हणाली, "बंद करायचं असेल तर मला सांगा, सर. मी काहीतरी कारण काढीन."

म्हणजे तिला कळलंय. दार उघडून दिलं होतं तिने. मी "गरज नाही" म्हणून वर चढत राहिलो.

का नाही म्हटलं? दिवसभर हाच प्रश्न. साहेबांची थाप आठवली. यादीतलं नाव आठवलं. टाकीमागे बसलेल्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कुणी कप्तान म्हटलंय. हे खरं कारण आहे आणि ते किती फडतूस आहे ते मला दिसतंय.

रविवार, २४ मार्च

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितोय. परवाचं लिहायला आज हात धजला.

शुक्रवारी सकाळी संमेलनाला निघताना हिच्याकडून घड्याळ मागून घेतलं. व्यासपीठावर फोटो काढणार, बंद घड्याळ कसं चालेल? ती म्हणाली, "आज मला घरीच राहू द्या. डावा हात जड वाटतोय."

"पट्टा आवळलेला होता ना इतके दिवस. आता काढलाय, बरं वाटेल."

घरच्यांसाठी पुढची रांग राखून ठेवली होती. तिला तिथे बसवून मी वर गेलो. आमची शाखा जिंकली. टाळ्या, शिट्ट्या, खिडकीवाला तर खुर्चीवर उभा राहिला. साहेबांनी माझ्या हातात ढाल दिली. मग डॉक्टरांना हुक्की आली. म्हणाले, कप्तानांची नाडी आत्ता कशी चाललीय ते पडद्यावर बघू. मागच्या मोठ्या पडद्यावर रेघ उमटली. सरळ, एकसारखी, उंच सखल बरोबर मापात. डॉक्टर माईकवरच म्हणाले, "अरे वा! दोन महिन्यांत पहिल्यांदाच नीट चाललीय. आज सकाळपर्यंत तर नुसता गोंधळ होता."

लोक हसले. मी त्या रेघेकडे बघत होतो. घड्याळ तेच. पट्टा तोच. फक्त हात बदलला होता.

काट्यावर काय ठेवलंय ते बघा.

मी खाली बघितलं. सगळे टाळ्या वाजवत होते. हीसुद्धा वाजवत होती. उजवा हात वर येत होता आणि मांडीवर पडत होता. डावा हात उठतच नव्हता. तिला ते कळत नसावं. ती माझ्याकडे बघून हसत होती आणि हसू एका बाजूने खाली ओघळत होतं.

ढाल कुठे टाकली माहीत नाही. व्यासपीठावरून उडी मारली, मी, ज्याने जन्मात पायरीवरून उडी मारली नाही. डॉक्टर मागोमाग आले. तिच्यापुढे गुडघ्यावर बसून विचारायला लागले. धाप लागते का? किती दिवस? रात्री उठतात? लहानपणी सांधे धरून ताप आला होता का? नाडी आधी कधी बघितलीय का? ती बोलायचा प्रयत्न करत होती आणि शब्द तोंडातच राहत होते. डॉक्टर माझ्याकडे वळले. "सांगा हो पटकन. काही माहिती आहे का?"

साहेब उभे होते. सगळा हॉल उभा होता. आणि लिहायला लाज वाटते, पण एक क्षण असा आला की मला वाटलं, न सांगताही भागेल.

मग मी म्हटलं, "डॉक्टर, ती नाडी हिची आहे. सगळी. पावलंसुद्धा हिचीच आहेत."

डॉक्टरांच्या कॉलरला माईक अडकवलेला होता आणि तो चालू होता, हे मला नंतर कळलं. बंद असता तरी मी बोललोच असतो. असं निदान आता लिहितोय.

गाडी येईपर्यंत शिट्टीबाईंनी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवार, २७ मार्च

हृदयाची एक झडप अरुंद झालीय. लहानपणच्या तापाने, जुनीच आहे. तिच्यामुळे नाडी वेडीवाकडी चालते, रक्ताची गुठळी होते, एक गुठळी डोक्यात गेली. वेळेवर आणलं म्हणून वाचली. बोलणं परत आलंय, जरा अडखळतं. डाव्या हाताची बोटं अजून ऐकत नाहीत. झडप उघडायचं काम पुढच्या आठवड्यात.

इथल्या मोठ्या डॉक्टरांनी कंपनीच्या डॉक्टरकडून सगळ्या नोंदी मागवल्या. वर माझं नाव, आत तिचं हृदय. ते म्हणाले, "या नोंदींचा फार उपयोग झाला. नाहीतर कधीपासून आहे ते कळलंच नसतं."

मी हिच्याकडे बघून म्हणालो, "बघ, म्हणजे एका परीने घड्याळ तुला दिलं म्हणून..."

तिने नुसतं बघितलं. मी वाक्य तिथेच सोडलं.

मग डॉक्टर म्हणाले, "पण फेब्रुवारीतच इतकं स्पष्ट दिसत होतं. तेव्हा का नाही आणलंत? तेव्हा गोळ्या चालू झाल्या असत्या तर हात वाचला असता."

नर्स सलाईनसाठी मनगट चाचपत होती. तिने विचारलं, "इथे काय बांधलं होतं हो एवढं घट्ट?" कातडीवर खोलगट, तपकिरी पट्टा उमटलाय. इतके दिवस झाले तरी गेला नाही. ही म्हणाली, "बांगडी."

मी बाहेर जाऊन रडलो.

शनिवार, ३० मार्च

मैदानावरच्या बायका भेटायला आल्या होत्या. दारातूनच गलका, "कप्तान, अगं उठ, तुझ्यावाचून आम्ही रोज हरतोय!" मला वाटलं मला हाक मारली आणि मी अर्धा उठलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. हिच्या आलं.

लेक आलीय. माझ्याशी कामापुरतं बोलते.

साहेबांचा निरोप आला, सावकाश या, मग बोलू. काय बोलणार ते मला कळतंय. खिडकीवाल्याने माझा टेबलावरचा डबा घरी आणून दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने काही टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

रविवार, २८ एप्रिल

झडपेचं काम नीट झालं. ही घरी येऊन तीन आठवडे झाले. धाप नाही, एका उशीवर झोपते. हात मात्र तसाच. दवाखान्यातून व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, त्यांना आवडेल असं काहीतरी द्या हाताला, रोज, कंटाळा न करता. मी दारामागची निळी रिंग काढून दिली. त्या म्हणाल्या, उत्तम. तुम्ही टाका, त्या झेलतील.

आज पहिल्यांदा मैदानावर नेलं. बायकांनी जाळीजवळ तिच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती आणि आपलं खेळायचं सोडून कडेला बसल्या. मी समोर उभा राहिलो. मला रिंग टाकता येत नाही. पहिली तिच्या डोक्यावरून गेली, दुसरी माझ्याच पायावर पडली. बायका हसल्या, ही हसली, अगदी ठसका लागेपर्यंत, पण हा ठसका साधा होता.

मग जमायला लागलं. मी टाकायचो, रिंग तिच्या डाव्या हाताला लागायची, बोटं जराशी हलायची आणि रिंग खाली. कधी खुर्चीखाली, कधी घरंगळत पार बाकापर्यंत. आणायचं काम माझं. वाकायचं, उचलायचं, परत यायचं, टाकायची. पुन्हा वाकायचं. मी सवयीने मोजत होतो, ओठ हलत असणार, कारण ती म्हणाली, "मोजू नका हो."

पाठ भरून आली. शर्ट भिजला. गुडघ्यांतून कळा यायला लागल्या आणि तोंडाने श्वास घ्यायला लागलो. हातावर घड्याळ नव्हतं. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि विचारलं, "दम लागला गं. आज पुरे करायचं?"

रिंग तिच्या पायाशी पडली होती. ती रिंगकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि खुर्चीत नीट टेकून बसत म्हणाली, "अजून थोडं."

मी रिंग उचलायला वाकलो.